हाताची विद्या आणि तिचा दाखला



वसंत व्याख्यानमालेत जुन्या गाडीच्या इंजिनाची कथा कशाला, अशी शंका आपणांपैकी काहींना आली असेल. पण भिवंडीकराला हा विषय परका नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग आणून या गावाने त्यांवर संसार उभे केले. जुने यंत्र चालते ठेवणे ही आमच्या गावची विद्याच आहे.

काही हौशी मंडळी जुनी मॅटाडोर विकत घेतात आणि मागे बिछाना, शेगडी बसवून तिची फिरती घरगाडी करतात. ही पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची गाडी. 2005 साली ती कंपनी फोर्स मोटर्स झाली. नवी मॅटाडोर आता निघत नाही. तेव्हा इंजिन रुसले की मालकालाच बाह्या वर साराव्या लागतात.

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने फवारलेले डिझेल पेटते. टाकी कोरडी पडली तर नळीत हवा शिरते. मग पंप हवाच दाबीत बसतो, डिझेल पुढे जात नाही. मिस्त्री म्हणतो, ‘एअर घेतली.’ तो स्क्रू ढिला करून हातपंप मारतो. आधी फेस येतो, मग स्वच्छ धार लागते, आणि तेव्हाच तो स्क्रू आवळतो. धूर काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर असेल तर ऑइल जळते आहे. लक्षण पाहणे, कारण ताडणे, करून पाहणे आणि मग निर्णय देणे, यालाच प्रयोगशाळेत शास्त्र म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र त्याला आपण ‘अंगठाछापाची कारागिरी’ म्हणतो!

जॉर्ज स्टीफन्सन हा इंग्लंडमधील खाणकामगाराचा मुलगा. अठराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. 1811 साली त्याने किलिंगवर्थ खाणीतले पाणी उपसणारे इंजिन खोलून दुरुस्त केले, आणि पुढल्या वर्षी तेथील इंजिनांचा कारभार त्याच्याकडे आला. पण 1815 साली त्याने खाणीसाठी सुरक्षित दिवा बनविला, तेव्हा अडाणी मनुष्याला हे सुचले कसे, असे म्हणणारे विद्वान निघालेच.

फार दूर कशाला जावे? सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून चारचाकी बनविली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. 2021 साली तिचा बोलबाला झाला. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि 2022 च्या जानेवारीत ती लोहारांच्या दारी आली. गाडी नियमांत बसत नाही, हेही महिंद्र यांनी सांगितले होते. आणि ते रास्तच होते. मूळ गाडीत फेरफार करावयाचा तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवानगी लागते. रस्त्यावर दुसऱ्याचेही लेकरू चालत असते. हातात कौशल्य आहे म्हणून ब्रेकची तपासणी माफ होत नाही.

पण हा नियम एकाच बाजूने का लावावा? किमान वेतनाच्या दरांत कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या असतात. मागाचा आवाज ऐकून दोष सांगणारा जॉबर आणि धुराच्या रंगावरून इंजिन ओळखणारा मिस्त्री यांच्याजवळ कागद नसतो. यंत्र बंद पडले की मालकाला तो उस्ताद वाटतो. पगाराच्या दिवशी तोच अडाणी ठरतो. हा हिशेब आम्हांस मान्य नाही.

तसेच कामगार बंधूंनाही आमचे सांगणे आहे. परीक्षेला भिऊ नका. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीच हाताने शिकलेल्याची परीक्षा घेऊन दाखला देण्याची वाट ठेवली गेली. अशा वाटा रुंद करून घेणे हे संघटनेचे काम आहे. आपली विद्या तपासून द्या, आणि मग तिचा दाम ताठ मानेने मागा.

इंजिनाला पदवी कळत नाही. त्याच्यापुढे सगळ्यांची परीक्षा सारखीच. समाजानेही परीक्षा अवश्य घ्यावी. पण उत्तीर्ण झालेल्याला अकुशलाच्या रांगेत उभे करू नये, एवढेच आमचे मागणे आहे.