यंत्राची रोजनिशी

उल्हास नदीच्या कांठीं मोहने हें गांव आहे. येथें नदीचें पाणी उचललें जातें व शुद्ध होऊन कल्याणच्या घराघरांत पोंचतें. पाणी उचलणाऱ्या कोणत्याहि केंद्रांत पंपांजवळ एक जाडजूड वही ठेवलेली असते. पाळीवरील कामगार पाण्याचा दाब, विजेचा दाब, चालू पंप व बंद पंप यांची ठराविक वेळीं तींत नोंद करतो. कामगार या वहीला लॉगबुक म्हणतात. वरकरणी हें काम कंटाळवाणें. परंतु एखाद्या रात्रीं पंप थांबला, म्हणजे तिचें मोल कळतें. "पंप बंद पडला" एवढेंच लिहिलेलें असेल, तर दुरुस्तीस आलेल्या माणसानें काय समजावें? मग पंप खोलला जातो आणि दोष बहुधा रात्रपाळीच्या कामगाराच्या माथीं येतो. तेंच, दोन वाजतां विजेचा दाब उतरला व दोन वाजून दहा मिनिटांनीं पंप थांबला, अशी नोंद असेल, तर शोध प्रथम विजेकडे वळतो.

लॉग म्हणजे मुळांत लाकडाचा ओंडका. खलाशी दोरी बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रांत टाकीत, ठराविक वेळांत दोरीच्या किती गांठी सुटल्या तें मोजीत, आणि जहाजाचा तो वेग वहींत लिहीत. आपल्याकडील व्यापारीहि रोजकीर्द व खतावणी याच हेतूनें ठेवीत आला आहे.

संगणकालाहि अशी वही लागते. सन १९४७ च्या सप्टेंबरच्या ९ तारखेस हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क दोन या गणनयंत्राच्या एका रिलेमध्यें पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो चिकटपट्टीनें वहीच्या पानावर डकवून खालीं नोंद केली. दोष, त्याची जागा व त्याची वेळ एकाच पानावर आलीं. उत्तम नोंदीचा याहून चांगला नमुना कोणता असणार?

आतां एकच प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स, मॅक व अँड्रॉइड अशा निरनिराळ्या प्रणालींवर चालावा, यासाठीं क्यूट नांवाचा साधनसंच वापरतात. नॉर्वेमधील हावर्ड नॉर्ड व आयरिक चेंब-एंग यांनीं १९९१ मध्यें त्याचें काम आरंभिलें आणि १९९५ मध्यें तो लोकांपुढें आला. अशा साधनसंचाची खरी अडचण ही, कीं कारागिराच्या स्वतःच्या यंत्रावर प्रोग्रॅम सुरळीत चालतो आणि बिघडतो तो दूरच्या, परक्या यंत्रावर. तेथें कारागीर हजर नसतो. हजर असते ती केवळ नोंद.

क्यूटमध्यें नोंदींच्या पांच पायऱ्या आहेत: डीबग म्हणजे बारीक तपशील, इन्फो म्हणजे माहिती, वॉर्निंग म्हणजे इशारा, क्रिटिकल म्हणजे गंभीर दोष आणि फेटल म्हणजे प्राणांतिक दोष. ही शेवटची नोंद होतांच प्रोग्रॅम थांबतो. सन २०१३ मध्यें निघालेल्या ५.२ या आवृत्तीपासून नोंदींना खात्यांचीं नांवेंहि देतां येतात. कोणत्या खात्याची कोणती पायरी लिहावयाची, हें 'क्यूटी लॉगिंग रूल्स' या नांवाखालीं नियम देऊन बाहेरून ठरवितां येतें. प्रोग्रॅम पुन्हां घडवावा लागत नाहीं. प्रथम सर्व खात्यांचा बारीक तपशील बंद करावा व नंतर संशयित खात्याचा तेवढा चालू करावा. मागून आलेला नियम आधींच्या नियमावर मात करतो. म्हणून हा क्रम उलटला, तर हवी तीच नोंद नाहींशी होते. 'क्यूटी मेसेज पॅटर्न' या दुसऱ्या सोयीनें प्रत्येक ओळीस वेळ व खातें जोडतां येतें. वेळेवांचून नोंद म्हणजे तारखेवांचून पत्र.

कधीं प्रोग्रॅम उघडतच नाहीं, कारण त्याचा एखादा जोडभाग सांपडत नाहीं. अशा वेळीं 'क्यूटी डीबग प्लगइन्स' याला १ ही किंमत दिली, म्हणजे जोडभाग कोठें कोठें शोधला व कोणता अडला, हें ओळीनें उमटतें. मात्र तें कोठें उमटतें, हें प्रणालीवर अवलंबून आहे. लिनक्सवर तें बहुधा टर्मिनलवर दिसतें, अँड्रॉइडवर त्याच्या लॉगकॅटमध्यें जातें, तर विंडोजवरील खिडकीच्या प्रोग्रॅममधून तें सामान्य माणसाच्या दृष्टीस पडतच नाहीं. यास्तव नोंदी फायलींत वळविण्याची सोय आधींच करून ठेवणें शहाणपणाचें.

दोन पथ्यें मात्र पाळावीं. सर्वच खातीं सदैव उघडीं ठेवल्यास डिस्क भरते, प्रोग्रॅम मंदावतो आणि खरा दोष हजारों ओळींत बुडून जातो; म्हणून काम होतांच तपशील बंद करावा. दुसरें, नोंद अनेकांच्या हातीं जाते. तींत कोणाचा पासवर्ड वा खाजगी मजकूर येतां कामा नये. सत्य तेवढें लिहावें आणि लिहिणें अवश्य तेवढेंच लिहावें. हें पथ्य पाळलेली वही परक्या यंत्रावरील दोष दाखविते आणि निरपराध माणसावरचा आळहि टाळते.