गुप्तरोग आणि प्रतिजैविके



आजच्या विषयाला आपल्याकडे नावच मोठे विलक्षण आहे: गुप्तरोग. नावातच अर्धी अडचण आहे. या रोगांचे जंतू औषधाला शरण येतात. ही गुप्तता मात्र येत नाही.

सोळाव्या शतकात भावमिश्राने गरमीला, म्हणजे उपदंशाला, 'फिरंग रोग' म्हटले व त्यावर रसकापूर सांगितला. युरोपातही पाराच चाले. १९१० साली एर्लिख यांचे सोमलयुक्त साल्व्हर्सन आले, परंतु उपचार लांबलचक व त्रासदायक होता. १९४३ साली अमेरिकेत डॉ. जॉन माहोनी यांनी चार रोग्यांना पेनिसिलिन दिले आणि सारे चित्र पालटले. पुढे १९५५ पासून आपल्या पिंपरीच्या कारखान्यातही पेनिसिलिन तयार होऊ लागले.

उपदंशाचा जंतू फार सावकाश वाढतो. त्याच्या एकाचे दोन व्हायला सुमारे तीस तास लागतात. म्हणून औषध रक्तात बरेच दिवस टिकावे लागते. बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूत हळूहळू विरघळते, ते याच कामाचे. रोग वर्षभराच्या आतला असेल तर चोवीस लाख युनिटांचे एकच इंजेक्शन पुरते. जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. गर्भवतीला ते वेळेवर मिळाले तर पोटातले मूलही बहुधा वाचते. पेनिसिलिनला हा जंतू आजवर दाद देत आला आहे.

परम्याचे तसे नाही. त्याचा जंतू हुशार. सल्फा औषधे काही वर्षांतच निकामी झाली. पेनिसिलिनची मात्रा वाढवत न्यावी लागली, आणि १९७६ साली पेनिसिलिनलाच पचवणारे जंतू सापडले. नंतरच्या गोळ्यांचीही तीच गत झाली. आज मुख्य भिस्त सेफ्ट्रियाक्सोनच्या इंजेक्शनवर आहे. तिसरा रोग क्लॅमिडिया. त्यावर डॉक्सीसायक्लिन सात दिवस, रोज दोनदा. गर्भवतीला मात्र दुसरे औषध देतात.

मग अडते कुठे? उपदंशाचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. रोग्याला वाटते, सुटलो! रोग मात्र आत राहतो आणि वर्षांनंतर हृदयावर वा मेंदूवर उठतो. परमा आणि क्लॅमिडिया पुष्कळ स्त्रियांत काहीच लक्षण दाखवत नाहीत. गर्भनलिका बंद झाल्यावर, मूल होत नाही म्हणून शोध सुरू होतो, आणि बोल तिलाच लागतो. नवरा कुठे तरी गुपचूप औषध घेतो, बायकोला सांगत नाही, आणि तिच्याकडून तोच रोग पुन्हा त्याच्याकडे येतो. एकाचा उपचार म्हणजे उपचारच नव्हे. दोघांनीही घ्यावा, पुरा घ्यावा, आणि तो संपून सात दिवस होईपर्यंत संबंध टाळावा.

दुकानदाराला विचारून घेतलेल्या चार गोळ्या म्हणजे जंतूला दिलेली तालीम आहे. तपासणी करून घ्या. पूर्वी पेनिसिलिनचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहेत.

मित्रहो, रोग होणे हा गुन्हा नव्हे. ठाऊक असून तो जोडीदारापासून लपवणे, हा मात्र त्या माणसावर अन्याय आहे. घरी गेल्यावर हा विषय निदान एकदा मोकळेपणाने काढा, एवढेच मागणे करून मी आपली रजा घेतो.