चित्र लाखोंचं, चित्रकाराला किती?

आजचा भाग चित्रांवर आहे. म्हणजे खरं तर चित्रांच्या हिशेबावर.

१९७७ साली मध्य ऑस्ट्रेलियातले अ‍ॅबोरिजिनल चित्रकार क्लिफर्ड पॉसम जापालजारी यांनी 'वार्लुगुलाँग' नावाचं भलंमोठं चित्र काढलं. एका बँकेने ते १,२०० डॉलरला घेतलं. १९९६ मध्ये ते ३६ हजारांना गेलं आणि २००७ मध्ये थेट २४ लाख डॉलरला! पॉसम २००२ मध्येच वारले होते. या वाढलेल्या किमतीतला वाटा घरच्यांना मिळावा, असा कायदाच तेव्हा तिथे नव्हता.

आता समजा, तुम्हाला अशा चित्रांची गॅलरी काढायचीय आणि ती प्रामाणिकपणे चालवायचीय. "आम्हाला या कलेबद्दल आदर आहे" असं तर सगळेच म्हणतात. पण आदर दिसतो तो वहीखात्यात.

पहिला प्रश्न, चित्र आणायचं कुठून? १९७१ मध्ये पापुन्या नावाच्या वस्तीत, जेफ्री बार्डन नावाचे शिक्षक असताना, तिथल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर 'हनी अँट'ची, म्हणजे मधमुंगीची, कथा रंगवली. पुढच्याच वर्षी चित्रकारांची स्वतःची कंपनी उभी राहिली, 'पापुन्या तुला आर्टिस्ट्स'. मालक चित्रकारच! आज दूरदूरच्या वस्त्यांमध्ये अशी बरीच आर्ट सेंटर्स आहेत. ती रंग-कॅनव्हास पुरवतात, प्रत्येक चित्राची नोंद ठेवतात, प्रमाणपत्र देतात. चांगली गॅलरी शक्यतो अशा सेंटरकडूनच माल घेते.

याच्या उलट धंदा करणाऱ्यांना तिकडे 'कार्पेटबॅगर' म्हणतात. कलाकाराला मोटेलच्या खोलीत बसवायचं, चित्रं काढून घ्यायची आणि हातावर थोडी रोकड टेकवायची किंवा एखादी जुनी गाडी द्यायची. २००७ साली ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने याची चौकशी केली होती.

दुसरा प्रश्न पैशांचा. चित्र विकलं गेलं की गॅलरी कमिशन कापते, उरलेले पैसे सेंटरला जातात. सेंटर आपला खर्च वजा करून बाकी चित्रकाराला देतं. कमिशन घेण्यात गैर काही नाही, जागेचं भाडं आणि पगार गॅलरीलाही द्यावेच लागतात. गैर आहे ते आकडा लपवणं आणि पैसे महिनोन् महिने अडकवून ठेवणं. म्हणून करार लेखी हवा, आणि कलाकाराला कळेल अशा भाषेत समजावून सांगितलेला हवा.

आणि पुनर्विक्रीचं काय? २०१० पासून तिथे कायदा लागू आहे. १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला चित्र पुन्हा विकलं गेलं, तर ठरलेल्या अटींनुसार ५ टक्के चित्रकाराला, आणि त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं वारसांना. पॉसम यांच्या चित्राच्या वेळी नेमकं हेच नव्हतं.

तिसरा प्रश्न पैशांपलीकडचा आहे. चित्रातली कथा कुणा एकाची नसते, ती कुळाची, जमिनीची असते. काही भाग बाहेरच्यांना सांगायचाच नसतो. तेव्हा गिऱ्हाईक कितीही खोदून विचारू दे, कलाकाराने सांगितलं तेवढंच सांगायचं. बऱ्याच समाजांत माणूस गेल्यावर काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. अशा वेळी वेबसाइटवर काय ठेवायचं, ते कुटुंबाला विचारून ठरवायचं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे गॅलरी काढतोय! पण सिडनी-मेलबर्नला राहणारे, फिरायला जाणारे आपल्यातही आहेत. तिथल्या एका सरकारी आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं, की अशा 'अ‍ॅबोरिजिनल' सुवेनिअरवर होणाऱ्या खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा नकली मालावर जातो. तेव्हा बूमरँग घ्या, नाहीतर चित्र, काउंटरवर तीनच गोष्टी विचारा: कुणी केलंय? कुठल्या वस्तीतून आलंय? यातले त्यांना किती मिळणार?

सरळ उत्तर मिळालं तर खुशाल घ्या. दुकानदार नुसताच हसला, तर पाकीट परत खिशात.

भेटू पुढच्या भागात!