जात्याची घरघर

संगीत कशास म्हणावें आणि गोंगाट कशास, हा वाद जुनाच आहे. १९४८ सालच्या ऑक्टोबरच्या ५ तारखेस फ्रान्सच्या नभोवाणीनें त्यांत नवी भर घातली. प्येर शेफेर या नभोवाणींतील अभियंत्यानें पॅरिसमधील बातिन्योल स्थानकाच्या आवारांत वाफेच्या एंजिनांचे आवाज मुद्रित केले होते. शिट्ट्या, वाफेचे फुत्कार, चाकांचा खडखडाट यांचेच तुकडे जोडून त्यानें एक रचना सिद्ध केली, आणि ती त्या दिवशीं श्रोत्यांस ऐकविण्यांत आली. तींत गायक नव्हता, वाद्यही नव्हतें.

शेफेर याच्या हातीं एक साधी युक्ति लागली होती. ध्वनिमुद्रिकेवरील खोबण आंत आंत सरकत जाते. त्यानें ती वर्तुळाकार बंद केली. सुई त्याच फेऱ्यांत फिरूं लागली आणि तोच आवाज पुनः पुनः उमटूं लागला. एकदां ऐकलेला खडखडाट हा खडखडाटच; तोच दहा वेळां ऐकला म्हणजे कान एंजिन विसरतो व लय शोधूं लागतो.

खानदेशांतील गृहिणीस ही गोष्ट कळती तर तिला फारसें नवल वाटलें नसतें. जळगांवच्या बाजूस ज्याला घरोट म्हणतात, तें जातें म्हणजे अशीच एक बंद खोबण होय. खुंटा धरून वरचा दगड फिरविला कीं प्रत्येक फेऱ्यागणिक तोच नाद परत येतो. तरी तो सर्वस्वी एकसारखा नसतो. दाण्यांचा घास नुकताच पडला असतां आवाज भरीव येतो. घास सरत आला कीं तो पातळ होतो. आणि जातें रिकामें फिरलें तर दगडावर दगड कर्कश घासतो. नवी टाकी लाविलेल्या जात्याचा नाद निराळा, झिजलेल्याचा निराळा. दळणारणीचा कान हे भेद ओळखीत असे व त्यांवरूनच हात पुढचा घास टाकीत असे. या नादावर ओवी बसली.

आसोदें येथें १८८० सालीं जन्मलेल्या आणि जळगांवास नांदलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करतां करतां त्या गाणीं रचीत; घरोटावरही त्यांचें एक गाणें आहे. १९५१ सालीं त्या निवर्तल्या. चिरंजीव सोपानदेव यांनीं जपलेलीं तीं गाणीं १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. शब्द वांचले. ज्या घरघरीच्या सोबतीनें असे शब्द घडले, ती मात्र कागदावर उतरणें शक्य नव्हतें.

पुढें गांवोगांव पिठाची गिरणी आली. गिरणीचा पट्टाही सारखा फिरतच असतो. मग त्याच्यावर ओवी कां जन्मली नाहीं? कारण गिरणीची गति यंत्राची, जात्याची गति दळणारणीच्या हातची. चरण लांबवावयाचा झाला तर हात मंदावे; आवेश आला तर हात भर धरी. गळा आणि दगड एकमेकांस सांभाळून घेत. पहांटेचे ते कष्ट संपले, याचें दुःख कोणीं करूं नये. गिरणीनें स्त्रियांच्या पाठीवरचें ओझें उतरविलें; पण ओझ्याबरोबर गाणेंही उतरलें, एवढें खरें. मोटेच्या चाकाची कुरकुर गेली, चाळीसगांवाहून धुळ्यास येणाऱ्या गाडीच्या वाफेच्या एंजिनाचा धापा टाकणारा श्वासही गेला, तशीच ही घरघर मावळत चालली.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनीं सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. असें काम खानदेशास परकें नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं घरोघरचीं जुनीं दप्तरें धुंडाळलीं, आणि १९२६ सालीं धुळ्यास त्यांचें निधन झाल्यावर धुळेकरांनीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापून तो ठेवा सांभाळला. ध्वनीलाही असाच कोणी राजवाडे हवा.

आज मुद्रणाचें साधन बहुतेकांच्या खिशांत असतें. जातीं कोपऱ्यांत पडून आहेत, लग्नांतल्या हळदीपुरतीं फिरतात. दळतां दळतां गाणाऱ्या वृद्धा मात्र थोड्याच उरल्या आहेत. जुन्या यंत्रांच्या आवाजांतून नवी कला घडवूं पाहणाऱ्या तरुणानें प्रथम त्यांच्याजवळ बसावें. पहिल्या घासापासून रिकाम्या जात्याच्या कर्कश घासण्यापर्यंत सारें दळण, ओवीसकट, टिपून घ्यावें. शेफेर यानें आवाज एंजिनापासून सोडविला. खानदेशच्या रचनाकारानें तो फिरविणाऱ्या हातासह उचलावा. हें आतां झालें नाहीं, तर पुढच्या पिढीस दगड तेवढा मिळेल. त्याला बोलतें कसें करावें, हें सांगणारें कोणी मिळणार नाहीं.