विशेष शाळेंत आम्हीं काय पाहिलें
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं देऊळ कोणी बांधिलें, घंटा कोणी दिली, अशा गोष्टी सांगावयाच्या असतात. आणि त्या आमच्याहून चांगल्या सांगणारे वडीलधारे येथें बसले आहेत. आम्हीं आपला थोडा वेळ मागून घेतला आहे तो निराळ्या विषयाकरितां. ज्या मुलांस शिकणें जड जातें त्यांच्या शाळेविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे, व हा विषय निवडण्यास आमचीच एक चूक कारण आहे.

सुमारें वीस वर्षांमागें, दुसऱ्या एका गांवीं असतांना, आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. नमो मरिया, दहा आज्ञा, सर्व कांहीं त्यास मुखोद्गत. परंतु पुस्तक हातीं दिलें कीं तो घामाघूम होई. आम्हीं त्यास चारचौघांत आळशी ठरविलें व त्याचें प्रथम ख्रिस्तशरीर एक वर्ष पुढें ढकललें. त्याची आई आली. ‘फादर, त्याला सगळं येतं, नुसतं वाचता येत नाही,’ एवढेंच ती म्हणाली. आम्हीं तिचें ऐकून घेतलें नाहीं.

पुढें कांहीं वर्षांनीं एका विशेष शाळेंत सकाळभर मागच्या बाकावर बसण्याचा योग आला, तेव्हां त्या माउलीचें वाक्य आम्हांस कळलें. एक मुलगा खरखरीत कागदाच्या ‘भ’ वरून बोट फिरवीत होता व बोटाबरोबर तोंडानें त्याचा उच्चार करीत होता. मग डोळे मिटून तेंच. बाई म्हणाल्या, ‘भ आणि म, घ आणि ध, ३ आणि ६, यांतला फरक याच्या डोळ्यांत टिकत नाही, बोटांत टिकतो.’ आपली बाळबोध लिपि किती अवघड आहे, हें आम्हांस पन्नाशीच्या उंबरठ्यावर तेथें समजलें. एकच ‘र’, तो ‘सर्प’ मध्यें डोक्यावर बसतो, ‘चक्र’ मध्यें पायांत जातो. ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं आणि ‘क’ मागून. उच्चारतांना सर्व उलट. ‘बत्तीस’ म्हणतांना दोन आधीं ऐकूं येतात, लिहितांना तीन आधीं येतात. इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत २०१९ सालीं ‘तीस दोन’ असेंही वाचन सुचविलें गेलें, तेव्हां पुष्कळांनीं थट्टा केली. त्यांत आम्हीही होतों. त्या बाकावर बसल्यावर ती थट्टा आम्हांस गोड वाटेना.

हीं खरखरीत अक्षरें नवीं नव्हत. डॉ. मारिया मॉंटेसोरी या कॅथलिक विदुषीनें, ईतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या ग्रंथांचा अभ्यास करून, १९०० च्या सुमारास रोम येथें बुद्धीनें दुबळ्या मानलेल्या मुलांना शिकविलें. त्यांपैकीं कांहीं मुलें सामान्य शाळेच्या परीक्षेस बसलीं व उत्तीर्ण झालीं. लोक त्यास चमत्कार म्हणूं लागले. बाईंना मात्र प्रश्न पडला कीं, हीं मुलें इतकें करतात, तर निरोगी मुलांच्या शाळांत असें काय बिघडलें आहे? त्या विचारांतून १९०७ सालीं सान लोरेंत्सो या रोममधील गरिबांच्या वस्तींत त्यांचें बालगृह उघडलें. १९३९ सालीं त्या मद्रासेस आल्या. आज श्रीमंतांच्या बालवाड्यांत जीं साधनें मिरविलीं जातात त्यांपैकीं कित्येकांचें मूळ अशा रीतीनें टाकून दिलेल्या मुलांच्या वर्गांत आहे.

दुसऱ्या वर्गांतील मुलें बुद्धीच्या वाढींतच मागें होतीं. हे दोन प्रकार एक समजूं नयेत. पहिल्या मुलाची समज बहुधा आपल्याइतकीच असते. अडतें तें वाचन, लेखन किंवा गणित यांपाशीं, आणि योग्य साहाय्य मिळाल्यास अशीं पुष्कळ मुलें साध्या शाळेंतच शिकूं शकतात. दुसऱ्या वर्गांत सदऱ्याचें बटण लावण्याचा पाठ चालला होता. बाई बटण काजांत अर्धें सरकवीत, आणि शेवटचें ओढणें तेवढें मुलीकडे सोंपवीत. तें साधल्यावर शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. आपण घरीं नेमकें उलट करितों: आरंभ मुलाकडून करवितों, तें अडखळलें कीं हातांतून काढून घेऊन आपण पुरें करितों, म्हणजे प्रत्येक वेळीं त्याच्या वाट्यास येतो तो पराभव. त्या मुलीनें बटण ओढलें आणि आमच्याकडे अशा ऐटीनें पाहिलें कीं आम्हांसच आपला झगा नीट आहे कीं नाहीं तें पाहावें लागलें! प्रत्येक मुलाचा आराखडा तेथें निराळा लिहिलेला असतो व आईबापांस बोलावून वेळोवेळीं बदलला जातो.

२०१६ च्या कायद्यानें जे अपंगत्वाचे २१ प्रकार मानिले त्यांत ही वाचन-लेखनाची अक्षमताही आहे. शालान्त परीक्षेंत जादा वेळ, लेखनिक, अशा सवलती आहेत; परंतु त्यांस दाखला लागतो, व दाखल्याच्या नांवानें घरें हादरतात. शिक्का बसेल, बहिणीचें लग्न अडेल, असें आम्हांस आईबापांनीं येऊन सांगितलें आहे. या भीतीस आम्ही हंसत नाहीं. मात्र दाखला लपविला तरी मुलाची अडचण लपत नाहीं. ती फळ्यासमोर रोज उघडी पडते, आणि तिचें नांव ठाऊक नसल्यामुळें मास्तर तिला आळस म्हणतात. आम्हींही तेंच म्हटलें होतें.

त्या मुलाची आई आतां हयात नाहीं. तिची क्षमा मागावयाची राहून गेली.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत येत्या जूनपासून कोणाहि मुलास सर्वांसमोर वाचावयास लावण्यांत येणार नाहीं. ज्यास तोंडानें सांगतां येतें त्याचें तेंच उत्तर धरलें जाईल. ज्या आईबापांस आपल्या मुलाविषयीं कांहीं सांगावयाचें असेल त्यांनीं रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्याकडे यावें. या वेळीं आम्ही ऐकून घेऊं.