तिने लिहिले होते, वाचले कोणी?

(पेण येथील भाषणाचा संपादित भाग)



पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती देशोदेशी जातात. गणरायापाठोपाठ घरोघरी गौरी येतात आणि त्या माहेरवाशिणीचे आपण कोण कोडकौतुक करतो! त्याच दिवसांत आपली खरी लेकही माहेरी आलेली असते. तिच्या दंडावरचा वळ मात्र आपल्याला दिसत नाही. दिसलाच, तर 'भांड्याला भांडे लागायचेच' असे म्हणून तिची पाठवणी होते.

जून १९८२मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेचा पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाला. लग्नाला अवघे चार महिने झाले होते. पती रसायन-अभियंता, घर सुस्थितीतले. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याची मुक्तता केली. आत्महत्येची शक्यता न्यायालयाला नाकारता आली नाही. पुराव्याविना शिक्षा होऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण त्या खटल्यात वाचली गेलेली पत्रे आठवा. मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला आपली घुसमट लिहून कळवली होती. खून की आत्महत्या, यावर महाराष्ट्र भांडला. ती सुखी नव्हती, हे मात्र तिच्या हयातीतच कागदावर उतरले होते.

चाळीस वर्षांनंतरची वसईची तरुणी घ्या. सोबत राहणारा पुरुष मारहाण करतो, ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो, अशी लेखी तक्रार तिने नोव्हेंबर २०२०मध्ये तुळिंज पोलीस ठाण्यात दिली होती. पुढे ती तिने मागे घेतली. मे २०२२मध्ये दिल्लीत तिची हत्या झाली. २०२३मध्ये त्या पुरुषावर खुनाचा आरोप निश्चित झाला. तेव्हा आपल्या बैठकांतून बोलणे झाले ते त्याच्या धर्माविषयी. त्या तक्रार-अर्जाविषयी कितीजण बोलले? मी स्पष्टच विचारते, मारणाऱ्याचे आडनाव आपल्यातले निघाले की आपला आवाज का बसतो? मंजुश्रीच्या घरी परधर्मीय कोणी नव्हते.

आणखी एक मोकळेपणाने सांगते. मंजुश्रीच्या मृत्यूनंतर 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन भरवले ते विद्या बाळ आणि नारी समता मंचाने. त्यांचे-आमचे विचार जुळत नाहीत. पण ते पाहून बायका आपली दुःखे सांगू लागल्या आणि त्यांच्यासाठी 'बोलते व्हा' केंद्र उभे राहिले. हे काम आपल्याला का सुचले नाही, याची रुखरुख मला आहे.

२००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. विवाहासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही तो संरक्षण देतो. घर नवऱ्याच्या वा सासऱ्याच्या नावावर असले तरी तिला बेकायदा बाहेर काढता येत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. १८१ हा महिला मदत क्रमांक आहे. तो स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

येत्या गौरींना लेक आली की जावयासमोर नव्हे, तिला एकटीला माजघरात बसवा. 'बरी आहेस ना?' असे विचारू नका, त्याला ती 'हो'च म्हणेल. 'तो हात उचलतो का?' असे विचारा. आणि ती 'हो' म्हणाली, तर तिची बॅग त्या दिवशी भरू नका.