आधी धुवा, मग हळद
(हिंगणघाट येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता कोंबडीवर बोलायचे म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटले, ते आम्ही पाहिले. हसा, पण आधी एक हिशेब सांगा. हिंगणघाटच्या बाजारात कापूस गेला की चुकारा कोणाच्या हाती येतो? घरधन्याच्या. त्यातले बरेचसे सोसायटी आणि कृषी केंद्राकडे आधीच लागलेले असते. अंड्यांचे पैसे मात्र बाईच्या पदराच्या गाठीला असतात. पोराची वही, तापाची गोळी, एसटीचे भाडे त्यातून निघते. १९८६ साली चांदवडच्या अधिवेशनात हजारो बाया जमल्या, तेव्हापासून बाईच्या नावावर काय आहे, हा प्रश्न संघटनेने सोडलेला नाही. सातबाऱ्यावर नाव लागेल तेव्हा लागेल. कोंबड्या आजही तिच्याच आहेत.

२००६ साली वर्ध्यासह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना पॅकेज मिळाले, त्यात दुभती जनावरे आली. कोरडवाहू घरात त्यांना चारा कुठून घालायचा, हे देणाऱ्याने विचारले नाही. कोंबडी चारा मागत नाही. म्हणून ती कुत्र्याच्या तोंडातून सुटली, तर वाचवण्यासारखी आहे.

आमचेच सांगतो. वेचणीच्या दिवसांत सगळे घर पऱ्हाटीत होते. मोकाट कुत्रे अंगणात शिरले. आम्ही आलो तेव्हा एक कोंबडी मेलेली, दुसरी चुलीमागे दडलेली. पाठीवर थोडे रक्त दिसले. आम्ही तेलात हळद कालवून वरून थापली आणि निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी वास आला. पिसे बाजूला केली तर पंखाच्या बुडाशी चार भोके, आणि त्यात किडे वळवळत होते. ती गेली. हळदीचा दोष नव्हता. घाण आत ठेवून वरून झाकण आम्ही घातले होते.

पुढच्या पावसाळ्यात मुंगसाने एकीची मान धरली, तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. ती वाचली आणि महिन्याभराने अंड्यावर आली. तेव्हा काय केले, तेच सांगायला उभे आहोत.

कोंबडी सापडली की तिच्यामागे धावू नका. अंधारात किंवा फडके टाकून धरा, अंगाला गुंडाळा, टोपल्यात घालून शांत जागी ठेवा. घाबरूनच अर्ध्या कोंबड्या माना टाकतात. तुरा पांढरा पडला, पंख लोंबले तर ऊब द्या. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा मात्र सावली द्या. हाताला अंग गरम लागले म्हणजे ताप आहे असे समजू नका, कोंबडीचे अंग मुळातच १०६ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते. चोच पाण्यात बुडवा, ती आपली पिईल.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती फडके पाच मिनिटे दाबून धरा. मध्ये उचलून बघायचे नाही. मग सगळे अंग तपासा. पिसे लगेच जागेवर बसतात, म्हणून खालची जखम दिसत नाही. कुत्रे पाठीला, पंखाच्या बुडाला, शेपटीजवळ धरते, मुंगूस मानेला. ओली, चिकटलेली पिसे दिसली की तिथे फुंकर घाला. दाताचे भोक वरून ज्वारीच्या दाण्याएवढे असते, पण खोल जाते. भोवतालची पिसे कात्रीने कापा, ओढून उपटू नका.

आता धुणे. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड सपाट छोटा चमचा मीठ. सुई काढलेल्या सिरिंजने जखमेत धार मारा, निघणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत. त्यानंतर बिटाडीन पाण्यात टाकून फिक्या चहाच्या रंगाचे करा आणि त्याने पुसा. हे दिवसातून दोनदा. एवढे झाल्यावर वरवरच्या खरचटण्याला ज्याला हळद लावायची त्याने लावावी. खोल भोकात कोंबू नये.

पावसाळ्यात माशीने घातलेली अंडी एका दिवसात फुटतात. टोपल्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधा. किडे पडलेच तर चिमट्याने एकेक काढा आणि पुन्हा धार मारा. रॉकेल नको, फिनेल नको, आणि कपाशीवरच्या फवाऱ्याचे औषध तर मुळीच नको. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याच फवारणीने वीसच्या आसपास माणसे गेली. कोंबडीच्या उघड्या जखमेवर ते घालणे म्हणजे तिला मारणे, आणि वाचलीच तर तिच्या अंड्यातून ते विष आपल्या पोरांच्या ताटात आणणे.

तिला बाकीच्या कळपात सोडू नका. लाल दिसले की बाकीच्या टोचून टोचून जीव घेतात. खपली धरेपर्यंत वेगळी ठेवा. खायला भिजवलेली ज्वारीची कणी, तुरीची चुरी, उकडलेले अंडे. सरकीची ढेप देऊ नका. सरकीतल्या गॉसिपॉलने अंड्याचा बलक हिरवट पडतो आणि बाजारात कोणी घेत नाही.

दाण्याची पिशवी फाटून दाणे बाहेर येत असतील, कातडीखाली हवा भरून कुरकुर वाजत असेल, किंवा मोठी कातडी लोंबत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा; १९६२ वर फोन करता येतो. टाके ताज्या जखमेलाच घालतात. माणसाच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. प्रतिजैविक दिले, तर ते सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत. आतडी बाहेर आली असतील तर मात्र हाल न करता सोडवा.

सोडवताना कुत्र्याने तुम्हालाच चावा घेतला, किंवा हाताच्या चिरेत त्याची लाळ गेली, तर साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा. कोंबडी थांबेल.

एक भाऊ म्हणतात, मुंगसाला विष घालू. मुंगूस आणि रानमांजर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि ते विष बहुधा आपलेच कुत्रे खाते. त्यापेक्षा खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. मोठ्या भोकांच्या कोंबडीजाळीतून मुंगूस शिरते, कुत्रे ती फाडते. बुडाला दगड पुरा. गिरिराज, वनराज घेतल्या असतील त्यांनी जास्त जपावे. त्या अंगाने जड असतात, देशीसारख्या झाडावर चढून बसत नाहीत. दिवेलागणीला दार लावायचे काम एकाच माणसाचे ठरवा. आमच्याकडे ते घरधन्याकडे दिले आहे.